प्रिंटरचा पत्ता

परवा आमच्या शाळेतल्या संगणकाच्या नव्या बाईंनी पर्समधून फोन काढला, दोनदा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "झालं सर. पूर्वपरीक्षेचा मराठीचा पेपर खाली छापायला गेला." मी खुर्ची मागे सारली आणि जिन्याकडे धावलो. पंचेचाळिशीतला माणूस दोन-दोन पायऱ्या गाळत उतरताना बघून मुलं भिंतीला चिकटली. खाली छपाईच्या खोलीत चिटपाखरूही नव्हतं. प्रिंटर शहाण्यासारखा एकेक कागद ट्रेमध्ये ठेवत होता. मी ते कागद मोजले, पुन्हा मोजले, छातीशी धरले आणि धापा टाकत वर आलो.

"काही चुकलं का सर?" बाईंनी घाबरून विचारलं.

"नाही हो. जुनी सवय आहे."

ही सवय मला भिवंडीने लावली. फेब्रुवारी लागला, सकाळी स्वेटर आणि दुपारी घाम अशी हवा सुरू झाली, मुलांच्या हातातली गाईडं जाड दिसायला लागली, की माझ्या मानेला अजून कापसाचा भुगा चिकटल्यासारखा वाटतो. माझी तेव्हाची शाळा भिवंडीतल्या नारपोलीत होती, तिथे तो सगळीकडे असायचा. मागांवरून उडालेली रुई खिडकीच्या गजांवर, मुलींच्या रिबिनींवर, डब्यातल्या भाजीवर अलगद येऊन बसायची. शाळेच्या तिन्ही बाजूंना यंत्रमाग. त्या खडखडाटात शिकवायचं म्हणजे ओरडायचं. आम्ही सगळेच ओरडायचो आणि आपण ओरडतोय हे आम्हाला ठाऊक नसायचं. मग लोडशेडिंगची वेळ झाली की लाईट जायची, शेकडो माग एका क्षणात थांबायचे आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत प्रत्येक वर्गातला शिक्षक उघडा पडायचा. गणिताच्या सरांचं "गाढवा, आधी कंस सोडव!", इतिहासाच्या बाईंचं "तह झाला, तह!" आणि माझं "अनुप्रास!" ही तिन्ही वाक्यं एकदम रस्त्यापर्यंत ऐकू जायची. समोरचा चहावाला तिथूनच विचारायचा, "सर, क्या हुआ?"

हे प्रिंटरचं घडलं त्या वर्षी मी शिक्षणसेवक होतो. म्हणजे शिक्षकही आणि सेवकही. तीन वर्षं निमूटपणे काढायची आणि शेवटी मुख्याध्यापकांनी चांगला अहवाल दिला तर कायम व्हायचं. माझं तिसरं वर्ष चालू होतं. साताऱ्याकडून आलेला, धामणकर नाक्यापाशी एका खोलीत राहणारा, नाकासमोर चालणारा मी मराठीचा मास्तर. संगणकाशी माझा संबंध एवढाच की मला मराठी टायपिंग येत होतं. पण आमच्या मुख्याध्यापिका देवस्थळी बाईंच्या मते ज्याला टायपिंग येतं त्याला संगणक येतो, आणि ज्याला संगणक येतो त्याला प्रिंटरही आलाच पाहिजे.

प्रिंटर आला होता कशेळीहून. संस्थेचे अध्यक्ष तिथले जमीनदार. खाडीकडेच्या त्यांच्या जागेवर गोदामं होती. त्यातल्या एका गोदामातली कंपनी दुसरीकडे गेली आणि जाताना डझनभर जुने संगणक आणि एक प्रिंटर मागे ठेवून गेली. अध्यक्षांनी तो सगळा ऐवज टेम्पोत घालून शाळेला दिला. प्रिंटर केवढा? तर लहानशा कपाटाएवढा. चौघांनी तो उचलून तळमजल्यावरच्या ऑफिसापर्यंत आणला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या संगणक खोलीचा जिना बघून तिथेच टेकवला. "हितच राहू द्या," त्यातला एकजण म्हणाला आणि तोच निर्णय कायम झाला. मग खिडकीतून एक लांबलचक निळी वायर दोन मजले खाली सोडली आणि वरच्या संगणकांचं खालच्या प्रिंटरशी लग्न लावून दिलं.

लग्न लावणारा भटजी म्हणजे निनाद. ठाण्याचा हा तरुण इंजिनिअर दर रविवारी कुठल्या ना कुठल्या शाळेत जाऊन मोफत संगणक बसवून द्यायचा. आमच्या संगणकांबरोबर कसल्याही सीडी आल्या नव्हत्या, आणि चोरून घातलेली सिस्टिम चालणार नाही असं देवस्थळी बाईंनी ठणकावून सांगितलं होतं. निनादचा चेहरा एकदम उजळला. त्याने सगळ्या संगणकांवर लिनक्स घातलं. "सर, हे मुक्त आहे," तो मला म्हणाला. "मुक्त म्हणजे फुकट नव्हे हं. मुक्त म्हणजे स्वतंत्र. कोणाची मालकी नाही, कोणाचं बंधन नाही." मी भारावून गेलो. माझ्यापेक्षा प्रिंटर जास्त भारावला असावा, कारण त्या दिवसापासून त्याने कोणाचंही ऐकणं सोडलं. प्रिंटरचं जोडायचं तेवढं राहिलं होतं. ते पुढच्या रविवारी करू म्हणून निनाद गेला आणि पुढच्या रविवारच्या आत त्याला बंगळूरला नोकरी लागली.

मी माझ्या बुद्धीने जोडायला घेतलं. यादीतून प्रिंटरच्या नावाशी मिळतंजुळतं एक नाव निवडलं, होय म्हटलं, पुढे म्हटलं, आणि पहिलं पत्र छापायला पाठवलं: पालकांना नम्र विनंती. खाली ऑफिसात प्रिंटर घरघरला आणि कागद ओकू लागला. प्रत्येक कागदावर सुरुवातीला दोन-चार ओळी अगम्य लिपी आणि बाकी सगळं कोरं. पहिल्या कागदाच्या पहिल्या ओळीत टक्केवारीचं चिन्ह होतं आणि लगेच पुढे उद्गारचिन्ह. निकालाच्या दिवशी घराघरातून ऐकू येतं तसं. एका नम्र विनंतीचे असे सत्त्याहत्तर कागद निघाले. ऑफिसात बसलेल्या चांगुणामावशीने ते गोळा करून वर आणून दिले.

चांगुणामावशी आमच्या शाळेची शिपाई. घंटा तिच्या हातात, किल्ल्या तिच्या कमरेला, आणि तिचं स्टूल नेमकं प्रिंटरच्या शेजारी. ती खाडीकाठच्या गावातली. शाळेत बावीस वर्षं काढूनही तिने बोली बदलली नव्हती, उलट आमच्यातल्या निम्म्या शिक्षकांची बदलली होती.

"सर," कागदांची चळत टेबलावर ठेवत ती म्हणाली, "यो तुमचा लिवलेला हाय का त्याचा?"

"त्याचं आहे, मावशी."

"मंग त्याला लिवाय येत न्हाय अजून," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी निनादला बंगळूरला फोन लावला. तो ऑफिसात होता, पण मुक्ततेचा विषय निघाला की त्याला वेळ असायचा. त्याने सांगितलं की प्रिंटरला एक भाषा कळते आणि मी त्याच्याशी दुसरीच बोलतोय. हे मला पटकन समजलं. मी साताऱ्याहून भिवंडीला आलेला माणूस. "आता ब्राउझर उघडा," निनाद म्हणाला, "वर पट्टीत लिहा, लोकलहोस्ट, मग कोलन..."

"कोलन?"

"एकावर एक दोन टिंबं, सर."

"विसर्ग!"

"हो. विसर्ग. मग सहाशे एकतीस."

विसर्ग सहाशे एकतीस म्हटल्यावर खरोखरच एक पान उघडलं, प्रिंटरांच्या दुनियेचं मागचं दार असावं तसं. तिथे निनादने सांगितलेली भाषा निवडली आणि चाचणीचा कागद पाठवला. मी जिना उतरून खाली पोचेपर्यंत मावशी तो कागद दोन्ही हातांत धरून उभी होती. राखाडी छटांचं एक गोल चक्र आणि त्याभोवती नीटस अक्षरं. त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले गेले. मावशीने प्रिंटरला हळद-कुंकू लावायला घेतलं, तेव्हा देवस्थळी बाई केबिनमधून ओरडल्या, "चांगुणाबाई, पूड आत जाईल!" मग तिने ते प्रिंटरच्या टेबलाला लावलं.

सुख तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी लाईट गेली, लाईट आली आणि प्रिंटर मुका झाला. वर संगणक म्हणायचा, पाठवलं. खाली प्रिंटर म्हणायचा, तयार आहे. मधल्या निळ्या वायरमध्ये माझी पत्रं कुठे जात होती ते देवच जाणे. दोन दिवसांनी पुन्हा लाईट गेली-आली आणि तो आपला आपणच चालू झाला. मग पुन्हा बंद. प्रत्येकाचा आपापला सिद्धांत तयार झाला. गणिताच्या सरांच्या मते वायर लांब असल्यामुळे वीज दमत होती. इतिहासाच्या बाईंना वाटायचं की जुन्या कंपनीची त्याला आठवण येते. ट्रेमध्ये रुई जाते म्हणून मी रोज फुंकर मारायचो. ज्या दिवशी फुंकर मारल्यावर तो चालला त्या दिवशी मी शोध लावला असं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी तोंडघशी पडलो.

आता वाटतं, बिघाडापेक्षा हे अधूनमधून चालणंच माणसाला जास्त छळतं. एखादी गोष्ट कायमची बंद पडली तर आपण तिचा नाद सोडतो. अधूनमधून चालणाऱ्या गोष्टीवर मात्र श्रद्धा बसते.

अशात पूर्वपरीक्षा आली. आदल्या वर्षी आमचे पेपर बाहेर छापायला दिले होते आणि बीजगणिताचा पेपर परीक्षेआधी एक दिवस मुलांच्या हातात पडला होता. कुठून फुटला ते कधीच कळलं नाही, पण देवस्थळी बाईंनी ते मनाला लावून घेतलं होतं. त्या रोज कल्याणहून एसटीने यायच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसायच्या आणि एकदाही उशिरा आल्या नव्हत्या. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"जगताप सर, यंदा सगळे पेपर इथेच छापायचे. शाळेच्या भिंतीबाहेर एक चिटोरं जाता कामा नये. सोमवारी मराठीचा आहे, तुम्ही स्वतः काढलाय, तेव्हा सुरुवात तुमच्यापासून." मग चष्मा काढून त्या म्हणाल्या, "तुमचा अहवालही मला याच महिन्यात पाठवायचा आहे."

दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं त्या म्हणाल्या नाहीत. मी व्याकरण शिकवतो. अध्याहृत शब्द मला कळतो.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर, ऑफिसात मावशीशिवाय कोणी नाही हे बघून, मी वरून पेपर पाठवला. चाळीस प्रती. खाली आलो. शांतता. वर गेलो, पुन्हा पाठवला. खाली शांतता. फुंकर मारली, वर गेलो, पाठवला. माणसाची ही एक खोड आहे: हाकेला ओ आली नाही की तो दुसरी हाक मारतो, पहिली ऐकू गेली असेल का याचा विचार करत नाही. सहा वेळा पाठवल्यावर माझे पाय भरून आले. गेलेलं ते वाऱ्यावर गेलं, असं धरून मी पायरीवर बसलो.

मावशी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. तिच्या दुसऱ्या हातात तारेला टोचलेली कागदांची चळत होती. प्रिंटरची एक सवय होती. लाईट आली, तो जागा झाला, की आपणहून एक कागद छापायचा, त्यात इंग्रजीत स्वतःचीच सगळी कुंडली. आम्ही त्याकडे ढुंकूनही बघत नव्हतो. पण ऑफिसातला कागद फेकायचा नाही हा बाईंचा नियम, म्हणून मावशी तो प्रत्येक कागद तारेला टोचून ठेवायची.

"सर, मना इंग्रजी वाचाय येत न्हाय, पन आकडं येतान. यो बघा," तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "हितं मधी टिंब देऊन आकडं हान. बाकी सगल्या कागदांवर सारकंच. फकस्त शेवटचा आकडा रोज येगला. या दिवशी सात. या दिवशी नऊ. मंग चार. मंग परत सात. आज बारा."

मी तारेवरचे कागद एकेक करून उलटले.

"आनि सात आला का यो चालतो," मावशी म्हणाली. "बाकी दिवशी न्हाय चालत. मी ध्यान ठेवलाय. आमच्या घरवाल्याला दाखवला असता तर त्यान कवाच आकडा लावला असता."

"म्हणजे काय होत असेल, मावशी?"

"आता मी काय सांगू? पन आमच्या चालीतलं भाडोत्री असंच करत. आज या खोलीत, उद्या त्या खोलीत. पोष्टमन बिचारा जुन्या खोलीची कडी वाजवत उभा." तिने प्रिंटरकडे हनुवटी उडवली. "यो भाडोत्री हाय. लाईट गेली का खोली बदलतो."

मी तिथूनच बंगळूरला फोन लावला आणि मावशीचं म्हणणं शब्दशः सांगितलं. निनाद एवढ्या मोठ्याने ओरडला की मावशीला फोनबाहेर ऐकू आलं. "सर! बरोबर आहे! लाईट आली की सगळी यंत्रं जोडणारा तुमचा राउटर सगळ्यांना नवे पत्ते वाटतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर पाठवतोय. प्रिंटरच्या बटणांवरूनच त्याला सात नंबर कायमचा देऊन टाका. पण हे शोधलं कोणी?"

"चांगुणामावशीने."

"त्या नेटवर्कमध्ये आहेत?"

"घंटा वाजवतात."

बटणं कशी दाबायची ते मी वहीत उतरवून घेतलं, पण तेवढ्यात पुन्हा लाईट गेली. म्हटलं, उद्या सकाळी.

उद्या शनिवार होता. शनिवारी सकाळी दहावीच्या पालकांची सभा होती हे मी विसरलो नव्हतो. फक्त त्याचा आणि प्रिंटरचा काही संबंध आहे असं मला वाटलं नाही. ऑफिस पालकांनी भरलं होतं. कोणी पाळी संपवून थेट मागावरून आलेले, केसांत रुई तशीच. कोणी गावाकडून दुचाकीवरून आलेले. बायका डोक्यावरचा पदर नि बुरखा सावरत भिंतीशी. देवस्थळी बाई टेबलामागून एकेकाची सही घेत होत्या. लाईट होती, पंखे गरगरत होते. मी प्रिंटरपाशी वाकलो, वहीत बघून खालचं बटण तीनदा, वरचं एकदा, असं करत शेवटच्या आकड्यापर्यंत पोचलो. सात केला. कायम केला. प्रिंटरने हिरवा दिवा दाखवला.

"झालं!" मी मावशीला म्हटलं. तीन महिन्यांत एवढा आनंद मला झाला नव्हता.

प्रिंटर घरघरला. पहिला कागद बाहेर आला. मी कौतुकाने वाकून बघितलं. "पूर्वपरीक्षा. इयत्ता दहावी. विषय: मराठी. सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक."

संगणक काही विसरत नाही हे मला त्या क्षणी कळलं. माझ्या सहाच्या सहा हाका त्याने जपून ठेवल्या होत्या. रात्र उलटली, लाईट गेली-आली, तरी तो दर अर्ध्या मिनिटाला सात नंबरच्या खोलीची कडी वाजवत बसला होता आणि मी नुकतंच आतून दार उघडलं होतं. सहा वेळा चाळीस प्रती.

मी रद्द करण्याचं बटण दाबलं. एक हाक रद्द झाली, प्रिंटरने दम घेतला आणि दुसरी सुरू केली. ट्रे भरला. वरचे कागद घसरले, पंख्याच्या वाऱ्यात उचलले गेले आणि ऑफिसभर तरंगू लागले. आणि मग सगळ्यात वाईट गोष्ट घडली. पालक मदतीला धावले.

"अरे, सर के कागज उड़ गए!" "पकडा, पकडा!" पाच-पन्नास भली माणसं वाकून दहावीचा पेपर गोळा करू लागली. एकजण तर पानं क्रमाने लावत होता. देवस्थळी बाईंनी एक कागद हातात घेतला, वाचला आणि त्यांचा चेहरा त्यांच्या साडीसारखा कडक झाला. "जगताप सर," त्या हळूच म्हणाल्या, आणि तो हळूपणा फार भयंकर होता, "बंद करा."

मी टेबलाखाली घुसून प्लग उपटला. बाहेर आलो तर चांगुणामावशी जमिनीवर मांडी घालून बसली होती. अंगाखाली, पदराखाली, मांडीवर, सगळीकडे कागद. लोक तिच्याकडे कागद आणून देत होते आणि ती ते पदराखाली सरकवत होती. "जुनं हाय, रद्दीचं हाय, द्या हितं," ती सांगत होती. एका बाईंनी विचारलं, "मावशी, खाली का बसलाय?" "पायात गोला आलाय," मावशी म्हणाली आणि सभा संपेपर्यंत दीड तास तिथून उठली नाही.

सगळे गेल्यावर आम्ही तिघांनी दार लावून कागद मोजले. पेपर दोन पानी होता. दुसरी पानं निघाली एकसष्ट. पहिली साठ. मी पुन्हा मोजली. साठच. प्रिंटर पहिलं पान छापल्याशिवाय दुसरं छापत नाही. म्हणजे एक पहिलं पान भिंतीबाहेर गेलं होतं.

देवस्थळी बाईंनी खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. मला वाटलं, बाई रागवल्या तर बरं होईल. मी म्हटलं, "बाई, चूक माझी. अहवालात तसं लिहा."

"अहवालाचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "ते पान वाचणाऱ्या मुलाचं काय? त्याला वाटेल हे असंच असतं."

दुपारी दीडच्या सुमारास दारावर टकटक झाली. बाहेर दहावी 'ब'मधली रुखसार उभी होती. धावत आली असावी. ओढणी एका खांद्यावरून ओघळलेली, हातात घडी घातलेला कागद. वर्गात ही मुलगी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची आणि मराठीत काठावर पास व्हायची. घरी उर्दू, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी. तीन होड्यांवर पाय ठेवून तिचं शिक्षण चाललं होतं.

"अब्बाला मराठी वाचता येत नाही," ती म्हणाली. "त्यांना वाटलं, पालकांना नोटीस वाटली. मला म्हणाले, देख, स्कूलने क्या लिखा है. मी वाचायला घेतलं तर..." तिने कागद पुढे केला.

देवस्थळी बाईंनी तो घेतला. "वाचलास?"

ती पटकन नाही म्हणू शकली असती. खोटं ठरवायला कोणी नव्हतं.

"वाचला," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "पहिले समजलं नाही म्हणून वाचला. मग समजलं, तरी वाचला. उतारा चांगला होता म्हणून पुरा वाचला. आता मला परीक्षेला बसता नाही येणार ना?"

मावशी तोंड फिरवून उगाच किल्ल्या मोजू लागली. देवस्थळी बाईंनी कागद टेबलावर ठेवला, तळहाताने घडी सपाट केली.

"बसायचं," त्या म्हणाल्या. "सोमवारी, साडेदहाला. पेन दोन आण. जा आता."

ती गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "पेपर फुटला नाही, सर. परत आला." मग लगेच जुना आवाज लावून म्हणाल्या, "तरीही नवा काढा. आत्ता. आणि या वेळी खाली मी उभी राहते, वर तुम्ही, जिन्यात चांगुणाबाई."

तसंच झालं. संध्याकाळच्या आत नवा पेपर तयार झाला. एकदाच पाठवला, एकदाच छापला गेला. सात नंबरच्या खोलीतून प्रिंटर पुढे कधी हलला नाही. माझा अहवालही गेला. त्यात बाईंनी लिहिलं होतं, "शिक्षक प्रयोगशील आहेत. देखरेख आवश्यक." मी कायम झालो. देखरेख त्यांनी निवृत्त होईपर्यंत स्वतः ठेवली.

सोमवारी पेपर सुटला तेव्हा मी जिन्यात उभा होतो. मुलं उत्तरं पडताळत, एकमेकांना ढकलत उतरत होती. रुखसार शेवटी आली. माझ्यासमोर थांबली.

"कसा गेला?" मी विचारलं.

"ठीक गेला सर." ती घुटमळली. "त्या दिवशीचा पेपर होता ना, त्यात उतारा होता. तो म्हातारा बकरीला घेऊन खाडी पार करायला येतो आणि बकरी होडीत चढत नाही. म्हातारा ओढतो, होडीवाला शिव्या देतो, भरती लागते. आणि मग खाली प्रश्नच सुरू होतात." तिने श्वास घेतला. "बकरीचं पुढे काय झालं?"

तो उतारा मी लिहिला होता. कुठल्याही पुस्तकात सापडू नये म्हणून एका दुपारी बसून, अगदी गुणांच्या मापाने, दीडशे शब्दांचा. गुण संपले तिथे मी थांबलो होतो. त्याला पुढे काही असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

लाईट होती, माग चालू होते, म्हणून ती ओरडून म्हणाली, "पण सर, तुम्हीच लिहिलंय ना?"

मुलं आमच्या दोन्ही बाजूंनी उतरत होती. मी कठड्याला टेकलो, आणि मागांच्या वर आवाज चढवून बकरीला होडीत चढवायला सुरुवात केली.